पेशीच्या उंबरठ्यावर

प्रस्तावना

अचानक मोठा आवाज झाला की छातीत धडधडू लागते आणि तळहातांना घाम सुटतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते, हे आपण कदाचित ऐकले असेल. परंतु हृदयाची गती वाढविण्यासाठी हे संप्रेरक पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरच थांबते आणि तरीही पेशीच्या आतले कामकाज बदलते. मग बाहेरचा निरोप आत पोचतो कसा? या प्रश्नाच्या दीर्घ शोधाची हकीकत प्रस्तुत पाठात आली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
१. पेशीपटलावरील ग्राही म्हणजे काय, हे सांगू शकाल;
२. अनुमान आणि पुरावा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
३. या संशोधनाचा औषधोपचाराशी असलेला संबंध समजून घेऊ शकाल.

मूळ पाठ

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक नाजूक आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असून त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून अधिक नसते. हे पटल म्हणजे पेशीचा उंबरठाच होय. कोणाला आत घ्यावे आणि कोणाचा केवळ निरोप घ्यावा, हे तेथे ठरते. निरोप घेण्याचे काम पटलात रुतलेली काही प्रथिने करतात. त्यांना ‘ग्राही’ किंवा रिसेप्टर असे म्हणतात.

आज हे आपण सहज लिहितो. पण एकेकाळी ग्राही हे केवळ अनुमान होते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉन लँग्ली यांनी स्नायूंवर प्रयोग केले. स्नायूची चेता निकामी झाल्यावरही निकोटिनने स्नायू आकुंचन पावतो आणि क्यूरारे या विषाने ते आकुंचन थांबते, असे त्यांना आढळले. यावरून, पेशीत अशा पदार्थांना प्रतिसाद देणारा एखादा ग्रहणशील घटक असला पाहिजे, असा तर्क त्यांनी १९०५ मध्ये मांडला.

अ‍ॅड्रेनॅलिन काही ठिकाणी रक्तवाहिन्या आकुंचित करते, तर काही ठिकाणी त्या सैल करते. अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये याचे कारण सुचविले. या संप्रेरकासाठी अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. एका नियतकालिकाने त्यांचा निबंध नाकारला. तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. ग्राही हा सोयीसाठी वापरलेला शब्द आहे, खरीखुरी वस्तू नव्हे, असे अनेक जाणकारांचे मत होते. खुद्द अल्क्विस्टही त्याच्या प्रत्यक्ष अस्तित्वाचा आग्रह धरीत नसत.

तरीही या अनुमानावर विसंबून ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध तयार केले. बीटा ग्राहीची वाट अडविली तर हृदयावरचा ताण हलका होईल, असा त्यांचा विचार होता आणि तो खरा ठरला. त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. किल्ली हाती आली होती. कुलूप मात्र अद्याप कोणी पाहिलेले नव्हते.

ते शोधण्याचे काम अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी १९६८ मध्ये आरंभिले. त्यांनी संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन जोडले. असे संप्रेरक पेशीवर जेथे जाऊन चिकटेल, तेथील किरणोत्सारामुळे त्याचा ठावठिकाणा लागतो. या मार्गाने त्यांच्या गटाने बीटा ग्राही पटलातून वेगळा काढला. पुढे ब्रायन कोबिल्का त्यांना येऊन मिळाले आणि १९८६ मध्ये या ग्राहीचे जनुक वाचले गेले. तेव्हा एक नवल आढळले. ग्राहीची साखळी पटलातून सात वेळा आरपार जात होती आणि तिची ठेवण डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाशी जुळत होती. याचा अर्थ दृष्टी, गंध आणि संप्रेरके यांचे निरोप घेणारे ग्राही एकाच मोठ्या कुळातील होते.

ग्राहीची घडण दिसण्यासाठी त्याचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. पटलाबाहेर काढताच हे प्रथिन विस्कटते. त्यामुळे कोबिल्का यांना सुमारे दोन दशके खपावे लागले. २००७ मध्ये घडण हाती आली. २०११ मध्ये तर ग्राही आतल्या प्रथिनाला निरोप देत असल्याच्या क्षणाचेच चित्र मिळाले. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना विभागून देण्यात आले.

परंतु स्फटिकातील ग्राही निश्चल असतो. जिवंत पेशीतील त्याची हालचाल पाहण्यासाठी वेगळा दिवा हवा होता. तो समुद्रात सापडला. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन आढळले. १९६२ मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक मिळविले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते एका सूक्ष्म कृमीत घालून त्याच्या चेतापेशी उजळविल्या, तर रॉजर त्सिएन यांनी या प्रकाशाच्या अनेक रंगछटा निर्माण केल्या. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा दिवा ग्राहीला जोडता येतो. उत्तेजक औषध दिल्यावर काही ग्राही पटलावरून आत ओढले जातात, हे त्यामुळे जिवंत पेशीत पाहता आले. अशा औषधाच्या सततच्या वापराने त्याचा परिणाम कधी कधी का मंदावतो, याचे एक कारण त्यातून उलगडले.

आणखी एक अडथळा होता. दोन बिंदूंतील अंतर सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा कमी असेल तर साध्या प्रकाशात ते वेगळे दिसत नाहीत, असे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखविले होते. ग्राही तर याहून कितीतरी लहान असतात. दूरच्या गच्चीवर दाटीने मांडलेल्या पणत्या आपल्याला एकच उजेड भासतात. पण त्यांपैकी थोड्या थोड्या आळीपाळीने पेटविल्या, तर प्रत्येकीची जागा टिपून ठेवता येते. याच युक्तीने एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांनी एकेक रेणू दिसण्याची वाट मोकळी केली. श्टेफान हेल यांनी कडेचा उजेड विझविण्याची दुसरी पद्धत शोधली. २०१४ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

या शोधांचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. वापरातील औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे याच कुळातील ग्राहींवर काम करतात. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिकेवरील बीटा ग्राही जागा करते, म्हणून श्वास मोकळा होतो. प्रोप्रॅनोलॉल हृदयावरील ग्राहीबरोबर श्वासनलिकेवरील ग्राहीचीही वाट अडविते. म्हणून दमा असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. हृदयाचे किंवा रक्तदाबाचे औषध देण्यापूर्वी डॉक्टर दम्याविषयी विचारतात, ते उगाच नव्हे. दुसऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही घेऊन पाहू नये, याचेही कारण हेच.

अनुमान मांडणाऱ्याला धाडस लागते आणि ते पारखून घेणाऱ्याला धीर. लँग्ली यांच्या तर्कापासून ग्राहीच्या चित्रापर्यंत १०० हून अधिक वर्षे गेली. या काळात शंका घेणाऱ्यांचाही उपयोग झाला, कारण त्यांच्यामुळेच पुरावा अधिकाधिक भक्कम होत गेला.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) अल्फा आणि बीटा ग्राहींची कल्पना ______ यांनी मांडली.
(आ) हिरवे चमकणारे प्रथिन ______ या प्राण्यात आढळले.
२. ‘किल्ली हाती आली होती, कुलूप मात्र अद्याप कोणी पाहिलेले नव्हते’, या वाक्यातील किल्ली कोणती आणि कुलूप कोणते?

शब्दसंपत्ती

संप्रेरक : शरीरात तयार होऊन रक्तावाटे निरोप नेणारा पदार्थ
किरणोत्सारी : आपोआप किरण बाहेर टाकणारा
चेता : मेंदूचे व शरीराचे संदेश वाहून नेणारा तंतू

पाठान्त प्रश्न

१. पेशीपटलाला ‘उंबरठा’ का म्हटले आहे, ते स्पष्ट करा.
२. पणत्यांच्या दृष्टान्तातून लेखकाने काय समजावून दिले आहे?
३. ‘शंका घेणाऱ्यांचाही उपयोग झाला’, या विधानाविषयी आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.