राजीनाम्यावर तारीख घालण्याआधी

चि. भाच्यास,

परवाच्या साखरपुड्यात मामाच्या कानावर आलं की, संशोधन केंद्रातल्या नोकरीचा राजीनामा तू लिहून ठेवला आहेस, फक्त तारीख घालायची बाकी आहे. कारण विचारलं की म्हणे तमिळनाडूच्या सेंद्रिय शेतीवाल्या नम्माळवारांचं नाव सांगतोस. ताईला यातलं काहीच ठाऊक नाही. तुझ्या बाबांच्या सात-बाऱ्यावर बोजा आहे हे मात्र तुला ठाऊक आहे, आणि मामाची झोप उडाली ती त्यापायी.

नाव घेतलंस तर माणूस पुरता घे. जी. नम्माळवार १९३८ साली तंजावर जिल्ह्यात जन्मले, अण्णामलै विद्यापीठातून शेतीची पदवी घेऊन १९६३ साली कोविलपट्टीच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. केंद्र कोरडवाहू शेतीचं, प्रयोग मात्र संकरित बियाणं आणि महागड्या खतांचे. कुंपणापलीकडच्या, पावसावर भिस्त असलेल्या शेतकऱ्याला यातलं काय परवडणार, असा त्यांचा सवाल होता. कुणी मनावर घेईना. १९६९ साली त्यांनी नोकरी सोडली.

इथवरची गोष्ट तुला तोंडपाठ असेल. तुम्हा पोरांना राजीनाम्याचाच प्रसंग आवडतो. मामाला त्यापुढची दहाएक वर्षं मोलाची वाटतात. नम्माळवार तिरुनेलवेली भागातल्या कळक्काडला ‘आयलंड ऑफ पीस’ या संस्थेच्या कामात शिरले. शेतकऱ्यांत राहिल्यावर त्यांना उमगलं, की सगळं विकत आणून केलेली शेती शेतकऱ्याच्या अंगावर येते. पाउलो फ्रेअरी आणि आपल्या गागोद्याचे विनोबा यांचे शिक्षणविषयक विचार त्यांनी आपलेसे केले. ‘कुडुंबम’ ही संस्था त्यानंतरची. पांढऱ्या दाढीचा, हिरवी शाल घेतलेला जो म्हातारा तू फोनवर लावला आहेस, तो तर फारच नंतरचा.

२००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणमची शेतं खारवली. जमीन गेलीच, असं बहुतेकांनी धरलं होतं. नम्माळवार तिथे धैंच्यासारख्या हिरवळीच्या खताच्या मागे लागले. धैंचा दाट पेरायचा, फुलोऱ्यावर आला की कोवळा असतानाच नांगरून गाडायचा. तो कुजला की माती भुसभुशीत होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर मीठ खाली उतरतं. हे तुझ्या पुस्तकातही असेल. पण सगळं गमावून बसलेला माणूस असा उपाय कुणाच्या शब्दावर करतो? बांधावर वर्षानुवर्षं उठबस केलेल्याच्या. तुझी अजून कुठल्या बांधावर उठबस आहे?

आणि बोजा? नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार? मामाने बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या पीककर्जाच्या फायली चाळल्या. खरीप बुडालं की माणूस काउंटरपाशी किती वेळ नुसता उभा राहतो, ते त्याने पाहिलंय.

जाऊ दे. फार बोललो. पंचविशीत मामाही नालाबंडिंगच्या कामावर जायला निघाला होता. आजीने भाकरी बांधून दिली होती, तेवढ्यात बँकेची ऑर्डर आली. त्या कामावर गेलेले सोबती भेटले, की आजही मामाला त्यांच्यात बसून गप्प राहावं लागतं. तुझ्यावर तो चिडतोय, त्यात थोडा हेवाही असेल.

नम्माळवार पंचाहत्तरीतही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मिथेन प्रकल्पाविरुद्ध गावोगाव फिरत होते. त्याच धामधुमीत ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुकोट्टैजवळच्या अत्तिवेट्टी गावी ते गेले. करूर जिल्ह्यात त्यांनी उभारलेल्या ‘वानगम’ शेतावर त्यांना पुरलं. पुढे २०२० साली तमिळनाडूने कावेरीच्या त्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला.

तेव्हा घाई नको. रजा काढून आधी वानगमला जाऊन ये, भाड्याचे पैसे मामा पाठवेल. आपल्या विहिरीजवळचा एक तुकडा यंदा तुझ्या पद्धतीने कर. बाबा कुरकुरतील, त्यांच्याशी मामा बोलेल. एवढं करूनही राजीनामा दिलासच, तर तुझा जम बसेपर्यंत बँकेचा हप्ता मामाच्या पेन्शनमधून जाईल. पासबुकाचा नंबर तेवढा कळव, आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
मामा