मोम्बासाच्या पुढचा हिशेब

व्यापारी शिष्टमंडळाबरोबर नैरोबीला जाऊन आलेले आपल्याकडचे कारखानदार हल्ली मला फोन करतात. बॅगेत बिझनेस कार्डांचा गठ्ठा असतो आणि प्रश्न ठरलेला: "आफ्रिकेत मोठा स्कोप आहे म्हणतात, सुरुवात कशी करायची?" मी विचारतो, आफ्रिकेत म्हणजे कुठे? तिथे 54 देश आहेत. "केनिया" असं उत्तर आलं तरी माझं समाधान होत नाही. नैवाशाच्या तळ्याकाठी गुलाब पिकवून युरोपला धाडणाऱ्यांना आपण ठिबक शिकवायला जाण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे इस्रायली आणि डच तंत्र कधीचं येऊन बसलं आहे. उआसिन गिशूचा मका पावसावर येतो, तिथे ट्रॅक्टरला गिऱ्हाईक भेटेल, पंपाला नाही. किरिन्यागात अर्ध्या-पाऊण एकरात टोमॅटो आणि फरसबी घेणारा शेतकरी मात्र खरोखर पाण्याच्या सोयीच्या शोधात आहे. पण तो शिष्टमंडळाला हॉटेलात भेटत नाही.

नाशिककडच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीची पूर्व आफ्रिकेतली विक्री मी काही वर्षं पाहिली. ठिबकचे संच आणि पंप. माल वाईट नव्हता. तरी पहिली काही वर्षं आम्ही पैसे घालवतच राहिलो, आणि त्याचं मूळ नैरोबीत नव्हतं, आपल्याच गावातल्या विक्रीच्या सवयीत होतं.

आपल्याकडे ठिबक विकलं जातं ते अनुदानावर. पूरक अनुदान धरून महाराष्ट्रात 75 ते 80 टक्के रक्कम सरकारकडून येते. त्यामुळे आपला वितरक शेतकऱ्याला संच विकतो असं म्हणण्यापेक्षा फाइल विकतो: कोटेशन, पूर्वसंमती, बिल, फोटो. पंपाचंही तसंच. शेतीचा वेगळा फीडर आणि स्वस्त वीज गृहीत धरून आपला पाच एचपीचा थ्री-फेज पंप घडला. केनियातल्या छोट्या शांब्यावर, म्हणजे वावरावर, अनेकदा वीजच नसते, आणि असली तर महाग असते. तिथला शेतकरी पेट्रोलवरचा किंवा सौर पंप मागतो आणि यंत्राची पूर्ण किंमत स्वतःच्या खिशातून मोजतो. किती दिवसांत वसूल होईल, हे तो पहिल्याच भेटीत विचारतो. आमच्या कॅटलॉगमध्ये हॉर्सपॉवर होती, हेड होतं, डिस्चार्ज होता; या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

आता कंटेनरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात सगळेच धडे एकदम आहेत. केनियात जाणारा बराचसा माल इथून निघण्यापूर्वीच तिथल्या मानकांप्रमाणे तपासून घ्यावा लागतो आणि तसं प्रमाणपत्र, ज्याला धंद्यात सीओसी म्हणतात, बरोबर पाठवावं लागतं. ते आमच्याकडे होतं. पण त्यावरचा मॉडेल नंबर आणि पंपाच्या नेमप्लेटवरचा नंबर जुळेना. मधल्या काळात कारखान्यानं मॉडेलला नवं नाव दिलं होतं. कंटेनर मोम्बासाला अडकला, डिमरेज, म्हणजे बंदरातला विलंबाचा आकार, चढू लागलं, आणि माल सुटला तेव्हा एप्रिल उजाडला होता. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. भर पावसात पंप कोण घेतं? त्याची खरी विक्री जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. आयातदाराला दिलेली नव्वद दिवसांची उधारी तर बी/एलच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या, तारखेपासून मोजली जात होती. माल बंदरात पडून असतानाच तिचे दिवस संपत चालले होते.

त्यात ते साल 2023. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साधारण 123 शिलिंग पडायचे, डिसेंबरात 156 च्या आसपास. आमचा आयातदार दुकानदारांना शिलिंगात उधार देऊन बसला होता आणि आमचे पैसे त्याला डॉलरमध्ये द्यायचे होते. प्रत्येक महिन्याला त्याचं कर्ज आपोआप फुगत होतं. शेवटी त्यानं फोन उचलणं बंद केलं. कंपनीत त्याला लबाड ठरवून सगळे मोकळे झाले. मला ते तेव्हाही पटलं नाही. चलनाचा सगळा धोका आम्ही त्याच्या गळ्यात टाकला होता आणि हंगाम आम्हीच चुकवला होता. गंमत म्हणजे 2024 च्या मध्यापर्यंत शिलिंग सावरून 130 च्या घरात आला; तोवर आमचे संबंध संपले होते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना आधी पंचांग मांडायला सांगतो. जानेवारीत विकायचा माल नोव्हेंबरअखेर नैरोबीच्या गोदामात हवा, म्हणजे न्हावा शेवाहून कधी निघायला हवा ते उलटं मोजा आणि त्यात बंदरातल्या खोळंब्याचे दिवस धरा. उधारी माल सुटल्याच्या तारखेपासून द्या, पण मर्यादा छोटी ठेवा. काही भाग आगाऊ घ्या. ईसीजीसीचा निर्यातविमा पहिल्या खेपेपासून काढा; खरेदीदाराची पत तपासून ते मर्यादा ठरवतात, आणि ती मर्यादा आपल्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली तर तीच मोठी माहिती समजा. विम्यातून सगळी रक्कम परत येत नाही, थोडा भार आपल्यावर राहतो. चलनाचा हा धोका बाकीच्या देशांतही आहे. नायजेरियानं जून 2023 मध्ये नायरा मोकळा सोडला आणि इथिओपियानं जुलै 2024 मध्ये बिर. दोन्हीकडे स्थानिक चलनात किंमत छापून बसलेल्या व्यापाऱ्यांची काय गत झाली असेल, याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट वितरकाची. मोठा आयातदार पहिल्याच बैठकीत "संपूर्ण पूर्व आफ्रिका फक्त आम्हाला द्या" म्हणतो. देऊ नका. एक देश द्या, वर्षाचं विक्रीचं लक्ष्य लिहून घ्या, आणि ब्रँडची नोंदणी त्याच्या नव्हे, स्वतःच्या नावानं करा. कित्येक आयातदार पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेल्या गुजराती घरांतले आहेत. त्यांच्याशी हिंदीत गप्पा जमल्या म्हणजे सौदा जमला असं नाही. ते केनियन व्यापारी आहेत आणि शेजारच्या फळीवर स्वस्त चिनी पंपही ठेवतात.

पण माल शेवटी विकतं तालुक्याच्या गावातलं ॲग्रोव्हेट. बियाणं, खत, कोंबड्यांची औषधं, सगळं एकाच काउंटरवर. शेतकरी तिथल्या माणसाच्या शब्दावर विकत घेतो. आमच्या संचांचे फिल्टर नदीच्या गाळानं तुंबायचे, आणि वैतागलेला शेतकरी फिल्टरच काढून फेकायचा. मग महिन्याभरात सगळे ड्रिपर बंद. ग्रोमेट, जॉइनर, एन्ड कॅप, पंपाचं सील यांसाठी नैरोबीला माणूस पाठवावा लागे. बदल झाला तो आम्ही गावोगावच्या फुंडींना, म्हणजे मिस्त्रींना, हाताशी धरल्यावर. त्यांना हत्यारं दिली, सील बदलायला शिकवलं, दुरुस्तीचे पैसे त्यांनीच ठेवायचे असं ठरवलं. सुटे भाग ॲग्रोव्हेटमध्ये ठेवले. तिथून बोडा-बोडा मोटारसायकल ते दुपारपर्यंत शेतात पोचवते. मगच शेजारच्या शेतकऱ्यांनी विचारायला सुरुवात केली. एकूण किमतीच्या दहाव्या भागाइतका तरी सुट्या भागांचा साठा पहिल्याच कंटेनरमध्ये घाला, असं मी आता सांगतो. कारखान्यातला हिशेबनीस त्यावर नाक मुरडेल, मुरडू द्या.

इथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. "आफ्रिकेला चालतं" हे वाक्य मी आपल्या कारखान्यांत फार ऐकलं आहे. पातळ नळी, दुय्यम दर्जाचं बेअरिंग, जुना स्टॉक. ज्याला अनुदान नाही, ज्याची चूक सरकार भरून देत नाही, त्यालाच आपण हलका माल द्यायचा? तो शेतकरी पुन्हा फिरकत नाही आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगतो.

पैसे कसे घ्यायचे, हे मात्र तिथल्यांकडून शिकण्यासारखं आहे. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय 2007 पासून आहे. खेड्यातली बाईही फोनवरून हप्ता भरते. सौर पंपाच्या कंपन्या आगाऊ थोडी रक्कम घेऊन उरलेली हप्त्यांत घेतात, आणि हप्ता थकला तर पंप दुरून बंद करतात. आपण तो नमुना उचलावा, पण हप्ता पिकाशी जुळवून. दूधवाल्याकडे नियमित पैसे येतात, फरसबीवाल्याला तोडा सुरू असताना आठवड्याला, मकावाल्याला वर्षातून एकदा-दोनदा. चहा पिकवणाऱ्याला महिन्याला थोडे आणि वर्षातून एकदा मोठा बोनस. सगळ्यांना एकच मासिक हप्ता लावला तर चांगली माणसंही थकबाकीदार होतात. बायकांचे चामा आहेत, आपल्या भिशीसारखे; गटाला विकलेल्या पंपांची आमची वसुली सगळ्यात चांगली होती. शांब्यावर राबते ती बहुतेक बाईच, त्यामुळे पंप तिला एकटीला उचलता येतो का, हे आधी पाहा.

बियाणं आणि औषधं विकणाऱ्यांनी जास्त दम धरावा. वाणांच्या अधिकृत चाचण्यांशिवाय केनियात बियाणं विकता येत नाही आणि त्यात हंगाम जातात. जालन्याच्या महिकोनं आफ्रिकेत कापसाच्या बियाण्यासाठी झिम्बाब्वेच्या क्वटॉन कंपनीत मोठा हिस्सा घेतला, तो मार्ग खिशात पैसा असणाऱ्यांसाठी आहे. केनियातल्या काउंटी सरकारांच्या टेंडरपासून छोट्यांनी लांब राहावं; थकलेल्या बिलांचा विषय तिथल्या वर्तमानपत्रांत कायमचा असतो. आणि जमीन भाड्यानं घेऊन स्वतः शेती करण्याचा मोह झाला तर बंगळुरूच्या करुतुरी ग्लोबलची कहाणी वाचा: इथिओपियातल्या गाम्बेलात एक लाख हेक्टरचा करार, बारो नदीच्या पुरात गेलेला मका, आणि शेवटी सरकारनं रद्द केलेला करार.

पहिल्यांदा जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, पाऊस सुरू होण्याआधी. प्रदर्शन टाळा. कारातिना किंवा म्वेआसारख्या गावात मुक्काम करा, एखाद्या ॲग्रोव्हेटवाल्याची परवानगी घेऊन आठवडाभर त्याच्या काउंटरमागे बसा आणि लोक काय मागतात, काय परत आणतात, कशासाठी भांडतात ते लिहून काढा. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. परत येताना मुंबईच्या विमानतळावर त्या लसीचं कार्ड मागतात.