शाळेच्या बाकावरून महाविद्यालयात

अमेरिकेच्या ओहायो राज्यात न्यू कॉन्कॉर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका दुकानदाराच्या घरी १८५६ साली विल्यम रेनी हार्पर याचा जन्म झाला. गाव लहान असले तरी गावात मस्किंगम नावाचे एक महाविद्यालय होते. विल्यमची बुद्धी इतकी तीव्र होती, की वयाच्या दहाव्या वर्षीच त्याला त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. चौदाव्या वर्षी तो पदवीधर झाला आणि पदवीदानाच्या वेळी त्याने हिब्रू या प्राचीन भाषेत भाषण केले. पुढे येल विद्यापीठाची सर्वोच्च पदवी त्याने मिळवली, तेव्हा त्याने वयाची वीस वर्षेही पुरी केली नव्हती.

ही हकिकत वाचून कोणीही म्हणेल, की असा मुलगा लाखांत एखादाच. ते खरेच आहे. परंतु या हकिकतीतून एक प्रश्न उभा राहतो. शाळा येथे संपते आणि महाविद्यालय येथे सुरू होते, अशी जी रेघ आपण आखतो, ती प्रत्येक मुलाच्या बाबतीत एकाच जागी असली पाहिजे काय? एखाद्याची शक्ती तयार झाली असेल, तर त्याने केवळ वय भरण्याची वाट पाहत बसावे काय?

हार्पर पुढे १८९१ साली शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. शिकागोजवळ जोलिएट नावाचे गाव आहे. तेथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्याशी विचारविनिमय करून त्यांनी एक नवा प्रयोग सुरू केला. महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचा अभ्यासक्रम जोलिएटच्या शाळेतच शिकवावयाचा, असा तो प्रयोग होता. १९०१ साली त्याचा आरंभ झाला. विद्यार्थी किती होते? अवघे सहा! या सहा जणांचे शालेय शिक्षण पुरे झाले होते. परंतु पुढे शिकण्यासाठी त्यांना आपले गाव सोडावे लागले नाही. शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधील भिंतीला पडलेले ते पहिले लहानसे दार होते. त्या सहा जणांच्या वर्गातूनच जोलिएटचे महाविद्यालय उभे राहिले. ते आजही चालू असून त्या देशातील अशा प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते.

यानंतर अर्धशतकाने हे दार अधिक उघडले. १९५५ साली कनेक्टिकट विद्यापीठाने आपले काही अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतूनच शिकवण्याची सोय केली. शिकवणारे शिक्षक शाळेचेच. पण त्यांची योग्यता आणि अभ्यासक्रमाची पातळी ही विद्यापीठाने पारखून घेतलेली. १९५६ सालापासून दुसरीही एक वाट खुली झाली. शाळेत वरच्या पातळीचा अभ्यास करून वर्षाच्या शेवटी सर्व देशासाठी असलेली एक परीक्षा द्यावयाची. या परीक्षेत एक ते पाच अशी श्रेणी मिळते. श्रेणी चांगली असेल, तर पुष्कळशी महाविद्यालये तो अभ्यास पुरा झाला असे मानतात.

आता ‘अभ्यास पुरा झाला असे मानतात’ म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. अमेरिकेतील महाविद्यालयांत अभ्यासाचे मोजमाप ‘क्रेडिट’ या मापाने होते. आपण त्याला ‘श्रेयांक’ म्हणतो. धान्य मापण्यास जसे पायली-शेर असत, तसेच अभ्यास मापण्याचे हे माप होय. एखादा विषय सुमारे पंधरा आठवडे, दर आठवड्यास तीन तास शिकला आणि त्यात उत्तीर्ण झाले, की साधारणपणे ३ श्रेयांक मिळतात. मात्र वर्गातील एका तासामागे घरी सुमारे दोन तास अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. चार वर्षांच्या पदवीसाठी बहुधा १२० श्रेयांक लागतात. तेव्हा शाळेत असतानाच कोणी ३० श्रेयांक मिळवले आणि पुढील महाविद्यालयाने ते सर्व मान्य केले, तर त्याचे महाविद्यालयातील जवळजवळ एक वर्ष वाचते. वर्ष वाचले, की त्या वर्षाची फीही वाचते. अमेरिकेत महाविद्यालयाचा खर्च फार मोठा असतो. कित्येक तरुण त्यासाठी कर्ज काढतात आणि नोकरी लागल्यावर वर्षानुवर्षे ते फेडीत राहतात. गरीब घरच्या मुलाला हे वाचलेले एक वर्ष किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना यावरून येईल.

परंतु ही सवलत कोणासाठी? केवळ हार्परसारख्या कुशाग्र मुलांसाठीच का? या प्रश्नाला न्यूयॉर्क शहराने एक अनपेक्षित उत्तर दिले. त्या शहराच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया नावाचे एक महाविद्यालय आहे. १९७४ साली त्या महाविद्यालयाच्या आवारातच एक माध्यमिक शाळा सुरू झाली. जॅनेट लीबरमन या प्राध्यापिकाबाईंची ही कल्पना होती. या शाळेत त्यांनी हुशार म्हणून नावाजलेली मुले निवडून घेतली नाहीत. ज्यांचे शाळेत लक्ष लागत नाही आणि जी शाळा सोडून देतील असे भय वाटते, अशी मुले त्यांनी घेतली. लोकांना नवल वाटले. ज्याला शाळा झेपत नाही, त्याला महाविद्यालय कसे झेपणार? बाईंचा विचार निराळा होता. आपल्याहून मोठी मुलेमुली रोज अभ्यास करताना दिसली, त्याच ग्रंथालयात बसावयास मिळाले, तर ‘हे आपल्यालाही जमेल’ असा विश्वास मुलांच्या मनात जागा होईल, असे त्यांना वाटत होते. हा विचार पोकळ ठरला नाही. या शाळेचा कित्ता पुढे इतरांनीही गिरवला.

१९८५ साली मिनेसोटा राज्याने आणखी एक पाऊल टाकले. त्या राज्याचे गव्हर्नर होते रुडी पर्पिच. क्रोएशियातून येऊन लोखंडाच्या खाणीत मजुरी करणाऱ्या एका कामगाराचे ते पुत्र. घरची भाषा क्रोएशियन असल्यामुळे पहिलीच्या वर्गात पाऊल टाकीपर्यंत त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांच्या पुढाकाराने असा कायदा झाला, की अकरावी-बारावीच्या पात्र विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात जाऊन शिकावे आणि त्यांची फी व पुस्तके यांचा खर्च सरकारने सोसावा. एकाच अभ्यासाने शाळेचे आणि महाविद्यालयाचे असे दोन्हीकडचे श्रेयांक मिळू लागले. काही शाळांना हे रुचले नाही. कारण विद्यार्थी गेला, की त्याच्यासाठी मिळणारा सरकारी पैसाही त्याच्यामागून जाई. तरीही ही योजना टिकली, आणि इतर राज्यांनीही निरनिराळ्या स्वरूपात अशा योजना सुरू केल्या.

समजा, अशा योजनेत एका शेतकऱ्याची अकरावीतील मुलगी शिकत आहे. सकाळी ती महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या वर्गात बसते. शेजारी तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे विद्यार्थी असतात. तेथे गृहपाठाची आठवण कोणी करून देत नाही. वर्ग चुकला तर घरी चिठ्ठी येत नाही. वर्ग संपताच ती शाळेकडे धावते. परंतु दुपारच्या सुटीतील मैत्रिणींच्या गप्पा हुकतात. शाळेच्या वाद्यवृंदाचा सराव हुकतो. गावापासून महाविद्यालय दूर असेल आणि घरी मोटार नसेल, तर जाणार कसे, हाही प्रश्न असतोच. कायद्याने दार उघडले, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी रस्ताही लागतो.

याहून मोठे संकट पुढेच आहे. महाविद्यालयात मिळालेले गुण कायमच्या नोंदीत राहतात. हौसेने अवघड विषय घेतला आणि त्यात अनुत्तीर्ण झाले, तर सोळाव्या वर्षी झालेली ती चूक पुढे पदवीच्या वेळीही पाठ सोडीत नाही. शिवाय एका महाविद्यालयाचे श्रेयांक दुसरे महाविद्यालय मान्य करीलच असे नाही. म्हणून तेथील जाणते शिक्षक विद्यार्थ्याला आधी दोन प्रश्न विचारतात : ‘तू तयार आहेस, की तुला केवळ घाई झाली आहे?’ आणि ‘ही इच्छा तुझी स्वतःची आहे, की दुसऱ्या कोणाची?’

या शिक्षणाचा खरोखर लाभ होतो काय, हे तपासण्यासाठी तेथील संशोधकांनी एक चांगली युक्ती योजली. महाविद्यालयाशी जोडलेल्या दहा शाळांत जागा थोड्या आणि अर्ज जास्त असल्यामुळे चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले होते. चिठ्ठी हुशारी पाहत नाही, की श्रीमंती पाहत नाही. म्हणून चिठ्ठी लागलेली मुले व न लागलेली मुले यांची तुलना न्याय्य ठरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे दिसून आले, की चिठ्ठी लागलेल्या मुलांपैकी अधिक जण महाविद्यालयात गेले आणि पदवी मिळवणारेही त्यांच्यात अधिक निघाले.

आपल्या महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वर्गांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणतात. नाव महाविद्यालयाचे असले, तरी ते शिक्षण उच्च माध्यमिक शाळेचेच होय. त्या वर्गांबद्दल विद्यापीठाच्या पदवीचे श्रेयांक मिळत नाहीत. तथापि ‘श्रेयांक’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळू लागला आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवणारी एक ‘बँक’ आपल्या देशात २०२१ साली स्थापन झाली, आणि २०२३ साली आखलेल्या राष्ट्रीय आराखड्यात शालेय शिक्षणही श्रेयांकांत मोजण्याची तरतूद आहे.

विद्यार्थ्यांनो, दहाव्या वर्षी महाविद्यालयात गेलेला हार्पर आणि शाळा सोडण्याच्या बेतात असलेली न्यूयॉर्कमधील मुले यांच्यात किती अंतर! तरी दोघांनाही एकाच दाराचा उपयोग झाला. कोणी त्यातून धावत गेला, कोणी हात धरून गेला. विद्येच्या जिन्यावर कोणी एक पायरी चढतो, कोणी दोन पायऱ्या एकदम चढतो. लवकर चढणे ही काही मोठी फुशारकी नव्हे, आणि सावकाश चढणे ही लाजही नव्हे. पाऊल घट्ट रोवले आहे की नाही, एवढे मात्र प्रत्येकाने स्वतः पाहिले पाहिजे.

अभ्यास

१. जोलिएटच्या प्रयोगात पहिल्या वर्षी किती विद्यार्थी होते? त्यांना कोणता लाभ झाला?
२. ‘श्रेयांक’ म्हणजे काय, ते उदाहरण देऊन समजावून सांगा.
३. जॅनेट लीबरमन यांनी कोणती मुले निवडली? त्यामागे त्यांचा कोणता विचार होता?
४. चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिल्यामुळे तुलना न्याय्य का ठरते?
५. ‘त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी रस्ताही लागतो’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : कित्ता गिरवणे, पाठ न सोडणे, पोकळ ठरणे, नवल वाटणे.
७. तुम्हांला आजच वरच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, तर तुम्ही ती घ्याल काय? दहा-बारा ओळींत सकारण लिहा.