सहीआधी हप्ता तपासा!

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेला माझा प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर यंदा घरी उपयोगी पडला. बाबा दोन म्हशींसाठी १ लाखाचं कर्ज काढणार होते. एजंट म्हणाला होता, "व्याज फक्त १२ टक्के, मुदत तीन वर्षे, हप्ता ३,७७८." बाबांनी फोनवर विचारलं, "सही करू का रे?"

"रात्रीपर्यंत थांबा," म्हटलं आणि होस्टेलवर हा प्रोग्रॅम भरला :

?→ए : ?→बी : ?→सी : बी÷१२००→बी : ए×बी÷(१−(१+बी)^(−सी))

ए म्हणजे मुद्दल, बी वार्षिक दर, सी एकूण महिने. १२०० ने भागलं की टक्क्यांचा मासिक दर मिळतो. १०००००, १२, ३६ दिले. उत्तर आलं ३,३२१.४३. मग दरमहा ४५७ रुपये जास्त कशाचे?

ते व्याज 'फ्लॅट' होते. म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज! तीन वर्षांचे ३६,००० मुद्दलात मिळवून ३६ ने भागले की झाले ३,७७८. घटत्या शिलकीवर एकूण व्याज १९,५७२ रुपयेच होते.

खरा दर काढायला बी बदलत गेलो. १८ ला ३,६१५, २४ ला ३,९२३ आणि २१.२ ला बरोबर ३,७७८. म्हणजे १२ नव्हे, २१ टक्क्यांहून जास्त!

बाबांनी सही केली नाही. म्हशी अजून आलेल्या नाहीत, बँकेत अर्ज दिलाय. तुमच्या घरी असा कागद आला तर आधी विचारा, व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? मग कॅल्क्युलेटर काढा.