पावसाळ्यात घोड्याची पाठ : घरगुती औषध कुठवर, डॉक्टर कधी?



चिखलदऱ्यात पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते. घोडेवाल्याची कमाई याच दिवसांत होते आणि घोड्याची कातडीही याच दिवसांत बिघडते. गावभेटीत मला नेहमी विचारतात, "भाऊ, याले कोणता पाला लावू?" मी आधी म्हणतो, दुखणे ओळखू या. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

पावसाळी खपल्या. पाठीवर व पुठ्ठ्यावर केसांचे झुबके धरून खपल्या येतात. ओल्या कातडीत वाढणाऱ्या जंतूंमुळे हे होते. कडुनिंबाचा पाला उकळून कोमट केलेल्या पाण्याने खपल्या भिजवाव्यात. सुटतील तेवढ्याच काढाव्यात आणि जाळून टाकाव्यात. मग पाठ कोरडी पुसावी. येथे तेल लावू नये. तेलाखाली ओल कोंडते.

खोगिराचा घाव. १ लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात ९ ग्रॅम (सुमारे दीड चहाचा चमचा) मीठ घालून घाव धुवावा. स्वच्छ घावावर मधाचा पातळ थर द्यावा. पण घाव भरेपर्यंत खोगीर चढवू नये. घासणे चालूच राहिले तर कोणतेही औषध टिकत नाही.

खाज व गोल चट्टे. खरजेवर आपल्याकडे करंजीचे तेल लावतात. आधी बोटभर जागेवर लावून एक दिवस थांबावे. कातडी लाल झाली नाही तरच पुढे लावावे. खाज पसरत गेली तर डॉक्टरांना दाखवावे. गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात. ते मुलांनाही लागते, म्हणून त्या घोड्याचा खरारा व झूल वेगळी ठेवावी.

अळ्या. घावात अळ्या दिसल्या तर सीताफळाचा पाला वाटून लावण्याची जुनी रीत आहे. बियांची पूड मात्र वापरू नये. डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. घाव खोल असेल तर अळ्या डॉक्टरांकडूनच काढून घ्याव्यात. रॉकेल आणि गाडीचे जळके ऑइल कातडी भाजते, ते कधीच लावू नये.

एका दुखण्यात मात्र घरगुती उपाय मुळीच करू नयेत. पायाच्या आतल्या बाजूला रांगेने गाठी येतात, त्या फुटून चिकट पू वाहतो, नाकातूनही घट्ट स्राव येतो. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००६ मध्ये महाराष्ट्रातील घोड्यांत तो आढळला होता. अशा वेळी घोडा वेगळा बांधावा, उघड्या हाताने शिवू नये आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तपासणीसाठी रक्ताचे नमुने हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात.

"घोडा उभा ठेवला तर चूल कशी पेटंल?" हा प्रश्न खरा आहे. दोन घरांनी मिळून आळीपाळीने घोडे काढणे, खोगिराखालचे कापड रोज वाळवणे आणि रात्री घोडा छपराखाली बांधणे, एवढे जमले तरी हंगामातले बरेच दिवस वाचतात.

नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायातील १० वे वचन आपल्याला ठाऊक आहे. जनावराच्या जिवाची जाणीव ठेवणे हे तिथे नीतिमानाचे लक्षण मानले आहे. आपण कुटुंबासह चिखलदऱ्याला याल, तेव्हा मुलांना घोड्यावर बसवण्याआधी खोगीर उचलून पाठ पाहा. घाव दिसला तर बसू नका. पण त्या भावाशी दोन शब्द बोला आणि दवाखान्यात जायला त्याच्या सोबत जा.