क्षेत्रफळाचे नंतर, आधी भाडेपावती

प्रश्न : गिरगावातल्या उपकरप्राप्त चाळीत वडिलांची पागडीची खोली आहे. आई आधीच गेली, वडील दोन वर्षांपूर्वी वारले. पावती अजून त्यांच्याच नावाने फाटते. मी इंदापुरात शेती पाहतो, धाकटा भाऊ बारामती एमआयडीसीत नोकरीला. खोलीला कुलूप असते. पुनर्विकासाचे बोलणे सुरू आहे. पूर्वी किमान 225 चौरस फूट मिळत, आता 300. आणखी वाढतील म्हणून संमती रोखावी का? दोघांना दोन घरे मिळतील का? की खोली एजंटला नोटरी करून देऊन टाकावी?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : दोन घरे मिळणार नाहीत. हक्क खोलीमागे असतो आणि 13 जून 1996 नंतर निर्माण केलेली भाडेदारी धरली जात नाही. नोटरीचा विचार डोक्यातून काढा. संमती रोखूनही फारसे साधणार नाही. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम 33(7) खाली घराचे क्षेत्र वाढत गेले हे खरे. पण संमतीची अट 70 टक्क्यांवरून 51 वर आली, म्हणजे एकट्याच्या नकाराचे वजन घटले. धोरण असे दोन्ही अंगांनी बदलते. बदलत नाही ते एवढेच, की लाभ पात्र भाडेकरूलाच मिळतो. तेव्हा किती फूट मिळतील यापेक्षा आज कागदावर भाडेकरू कोण, हे तुम्ही विचारायला हवे होते.

खरा धोका त्या कुलपात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16(1)(एन) नुसार, दाव्याच्या लगतआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर मालक ताबा मागू शकतो. पुनर्विकास जवळ आला की एकेका खोलीची किंमत मालकाला कळते. शून्य युनिटचे वीजबिल आणि शेजाऱ्यांची साक्ष त्याला पुष्कळ होते. ‘भाडे वेळेवर भरतो, मग भीती कसली?’ असे तुम्ही म्हणाल. पण थकबाकी हे कारण वेगळे आणि वापर नसणे हे वेगळे. पावत्यांची चळत दुसऱ्याला उत्तर देत नाही. ‘नोकरी गावाकडे आहे’ हे कारणही कोर्टात सहज टिकत नाही. दुसरा धोका वारसाहक्काचा. भाडेकरूसोबत राहणारे कुटुंबीय नसतील तर वारसाला भाडेदारी मिळते. मात्र वारसांत एकमत नसेल तर निर्णय कोर्टाकडे जातो. इमारत पाडायची वेळ आल्यावर भावाभावांनी कोर्टात उभे राहणे परवडणारे नाही.

म्हणून वडिलांचा मृत्यूदाखला आणि दुसऱ्या भावाचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून एकाच्या नावावर पावती करण्याचा अर्ज मालकाला द्या, पोच घ्या. भाडे नाकारले तर मनिऑर्डर करा, परत आलेली पावतीही जपा. दोघांपैकी एकाच्या घरचे कोणीतरी खोलीत खरोखर राहू द्या. दिवाळीत दोन दिवस दार उघडणे म्हणजे वापर नव्हे. दावा दाखल होण्याआधीच हे व्हायला हवे. संमतीपत्रावर सही त्यानंतर, तीही वकिलाला दाखवून.