कानांनीं पाहिलेलें नाटक

नाटक हें पाहावयाचें असतें, अशी आपली सर्वांची समजूत आहे. पात्रांचे पोशाख, रंगविलेले पडदे, दिव्यांचा लखलखाट यांवांचून नाटक तें कसलें? परंतु केवळ ऐकण्यासाठीं लिहिलेलें, आणि तेंही शास्त्रीय कल्पनेवर रचलेलें एक नभोनाट्य रंगभूमीवर पाहण्याचा योग आम्हांस अमेरिकेच्या प्रवासांत आला. तेथें जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रथम नाटकाचा पूर्वेतिहास पाहूं. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. मंगळावरील प्राणी पृथ्वीवर चाल करून येतात. मनुष्याच्या तोफा त्यांजपुढें निष्प्रभ ठरतात. आणि अखेरीस डोळ्यांना न दिसणारे क्षुद्र जंतूच त्यांचा नाश करितात, असें तिचें कथानक आहे. ऑर्सन वेल्स या २३ वर्षांच्या नटानें आपल्या मर्क्युरी थिएटर मंडळीसह ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कहून ती नभोवाणीवर सादर केली. घटनास्थळ इंग्लंडांतून उचलून न्यू जर्सी संस्थानांतील ग्रोव्हर्स मिल या खेड्यांत आणिलें होतें. आणि नृत्यसंगीत चालू असतां तें मध्येंच थांबवून ताज्या बातम्या सांगाव्या, अशी रचना केली होती.

आम्हीं पाहिलेला प्रयोग याच संहितेचा होता. पडदा वर गेला, तों रंगभूमीवर चार मायक्रोफोन आणि नित्याच्या वेषांत, हातीं कागद घेतलेले नट, एवढेंच दिसलें. एका बाजूस लांब मेज होतें. त्यावर पातळ पत्रा, वाळूची पेटी, दाराची कडी, कांचेची बरणी असें सामान मांडलेलें. मंगळावरून आलेल्या नळकांड्याचें तोंड उघडण्याचा प्रसंग येतांच एका गृहस्थानें बरणी मायक्रोफोनाजवळ धरली व तिचें झांकण हळूहळू फिरविलें. १९३८ सालींही हा आवाज याच युक्तीनें काढला होता, असें सांगतात. आम्हीं डोळे मिटले मात्र, बरणी नाहींशी झाली. अंधारांतला खड्डा आणि त्यांत करकरणारें प्रचंड धातूचें झांकण समोर उभें राहिलें!

आमच्या शेजारचा एक लहान मुलगा भिऊन वडिलांना बिलगला. त्यांनीं त्याला हळूच मेजाकडे बोट दाखविलें. बरणी दिसतांच तो खुदकन हंसला. आणि क्षणभरानें आपण होऊन त्यानें पुन्हां डोळे मिटून घेतले.

पुढें वार्ताहराचा आवाज मध्येंच तुटतो, आणि कांहीं क्षण सर्वत्र शांतता पसरते. सर्व आवाजांपेक्षां ही शांतताच अधिक भयंकर वाटली. मूळ प्रयोगांत ही भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिक या नटानें १९३७ सालच्या हिंडेनबुर्ग वायुनौकेच्या अपघाताचें ध्वनिमुद्रित वर्णन पुन्हां पुन्हां ऐकून अभ्यास केला होता. शांतपणें बोलणाऱ्या माणसाचा कंठ संकटांत कसा दाटून येतो, हें तो त्यावरून शिकला.

१९३८ च्या त्या रात्रीं ज्यांनीं आरंभींची सूचना ऐकली नव्हती, अशा कांहीं श्रोत्यांना नाटकांतील बातम्या खऱ्या वाटून ते घाबरले. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं तर सारें राष्ट्र भयभीत झाल्याचे मथळे छापले. परंतु पुढील अभ्यासकांना ती अतिशयोक्ति आढळली. त्याच रात्रीं दूरध्वनीवरून सुमारें ५,००० घरीं चौकशी झाली होती. त्यांत सुमारें २ टक्केच लोक हा कार्यक्रम ऐकत होते. अर्धें ऐकून जसे कांहीं श्रोते फसले, तशी शहानिशा न करितां लिहिणारींही फसलीं, आणि त्यांची चूक कितीतरी वर्षें लोकांच्या तोंडीं राहिली.

विद्यार्थिमित्रांनो, त्या लहान मुलाचें उदाहरण ध्यानांत ठेवा. आवाज कोठून येतो हें त्यानें एकदां पाहून घेतलें, म्हणून त्याचें भय गेलें. आनंद मात्र गेला नाहीं. एखादे संध्याकाळीं घरीं दिवा मंद करून एकानें गोष्ट वाचावी, दुसऱ्यानें वाटी, पत्रा व सुपांतले तांदूळ यांनीं पावसाचा आवाज काढावा. मग आईला विचारा, “पाऊस ऐकूं आला का?” आणि नंतर तें सूप तिला अवश्य दाखवा.